शेवटच्या स्थानकाचा इतिहास कसा लिहावा: खापरी आणि इतवारीच्या निमित्ताने

एखाद्या रेल्वेमार्गाचा किंवा मेट्रोमार्गाचा स्थानिक इतिहास लिहायचा असेल, तर सुरुवात त्याच्या शेवटच्या स्थानकापासून करावी. मधले स्थानक बहुधा तिथे वस्ती, चौक किंवा बाजार होता म्हणून आलेले असते आणि त्याचे कारण सांगायला फार कष्ट पडत नाहीत. शेवटचे स्थानक मात्र कोणाच्या तरी निर्णयाने शेवटचे ठरलेले असते. गाडी आणखी दोन कोस पुढे का गेली नाही, या प्रश्नाचे उत्तर जमिनीत, पैशात, डेपोच्या सोयीत किंवा त्या काळच्या मालवाहतुकीत दडलेले असते आणि ते शोधता शोधता सगळ्या मार्गाचा इतिहास हाती लागतो. नागपुरात या कामासाठी दोन उत्तम स्थानके आहेत. मेट्रोच्या उत्तर–दक्षिण मार्गाचे, म्हणजे ऑरेंज लाईनचे, दक्षिण टोक असलेली खापरी हे एक आणि नागभीडच्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरच्या, गाडीचे शेवटचे ठिकाण म्हणून अनेकांच्या आठवणीत राहिलेले इतवारी हे दुसरे. पद्धत समजावून सांगताना मी याच दोघांचा आधार घेणार आहे, पण ती कोणत्याही गावच्या स्थानकाला लागू पडेल.

कागदपत्रांकडे वळण्यापूर्वी एकदा संपूर्ण मार्गाने प्रवास करावा, आणि तोही दिवसाउजेडी. सीताबर्डीहून खापरीला निघाल्यावर वहीत एवढेच टिपत जावे की मार्ग खांबांवर कुठवर आहे, जमिनीवर कुठे उतरतो, वळणे कुठे आहेत आणि खिडकीतून काय दिसते. वर्धा मार्गावरचा दुमजली पूल, ज्याच्या खालच्या मजल्यावरून रस्ता आणि वरून मेट्रो जाते, तो ३.१४ किलोमीटर लांबीचा असून छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानके त्याच्यावर उभी आहेत. विमानतळाच्या पुढे मात्र मार्ग जमिनीवर येतो आणि एअरपोर्ट साऊथ, न्यू एअरपोर्ट व खापरी ही स्थानके जमिनीलगतच आहेत. हा फरक केवळ दृश्याचा नाही. गजबजलेल्या रस्त्यावर जागा नसल्यामुळे मार्ग वर न्यावा लागतो, आणि मोकळी जमीन हाताशी असली की तो खाली आणता येतो, कारण उन्नत मार्गापेक्षा जमिनीवरचा मार्ग बराच स्वस्त पडतो. दक्षिणेकडे ही मोकळी जमीन कशी उपलब्ध झाली, असे विचारले की आपण मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक व मालवाहतूक प्रकल्पाकडे येतो आणि तिथून त्या प्रकल्पासाठी उठलेल्या गावांकडे. खापरीच्या परिसरातच मेट्रोचा मिहान डेपो आहे. गाड्या रात्री जिथे उभ्या राहतात, जिथे त्यांची धुलाई आणि दुरुस्ती होते, त्या डेपोसाठी मोठी सलग जागा लागते. अशी जागा शहराच्या पोटात मिळत नाही, आणि म्हणून शेवटचे स्थानक आणि डेपो पुष्कळदा शेजारी सापडतात. ॲक्वा लाईनचा, म्हणजे मेट्रोच्या पूर्व–पश्चिम मार्गाचा, डेपो हिंगण्याच्या बाजूला आहे आणि त्या मार्गाचे पश्चिम टोक लोकमान्य नगर त्याच दिशेला आहे, हे नकाशावर ताडून पाहावे.

यानंतरचे काम नावांचे आहे आणि इथे नवख्या लेखकाची सर्वांत जास्त फसगत होते. खापरी नावाचे एक स्थानक मध्य रेल्वेच्या नागपूर–वर्धा मार्गावर मेट्रोच्या कितीतरी आधीपासून आहे. इतकेच नव्हे, तर त्या गावाचा उल्लेखच ‘खापरी रेल्वे’ असा होत आला आहे, म्हणजे गावाला रेल्वेचे नाव आधी लागले आणि मेट्रो नंतर आली. जुनी कात्रणे गोळा करताना मी स्वतः या दोन खापरींची सरमिसळ केली होती आणि आठवडाभराचे टिपण पुन्हा वेगळे करावे लागले. तेव्हापासून प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात ‘रेल्वे’, ‘मेट्रो’ किंवा ‘गाव’ असा एक शब्द लिहिल्याशिवाय मी ते फाईलला लावत नाही. इतवारीच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. शुक्रवारी, बुधवारी, मंगळवारी या नागपूरच्या इतर वस्त्यांप्रमाणे हे नावही आठवडी बाजाराच्या वारावरून आलेले आहे, आणि आता स्थानकाच्या पाटीवर नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी असे लिहिलेले असते. लिहिताना ज्या काळाची गोष्ट असेल त्या काळचे नाव वापरावे आणि नंतरचे नाव एकदाच, पहिल्या उल्लेखापाशी द्यावे.

तिसरी गोष्ट तारखांची. ‘मार्ग कधी सुरू झाला’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. नागपूर मेट्रोचेच पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला मान्यता दिली ती ऑगस्ट २०१४ मध्ये आणि भूमिपूजन झाले २१ ऑगस्ट २०१४ रोजी. प्रकल्पासाठी कंपनी स्थापन झाली १८ फेब्रुवारी २०१५ रोजी, आणि प्रत्यक्ष बांधकामाला हात लागला त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस. सप्टेंबर २०१७ मध्ये जमिनीवरच्या टप्प्यात चाचणी धाव झाली, आणि त्या वेळी धावलेली गाडी नागपूरची नव्हती, तर हैदराबाद मेट्रोकडून आणलेली होती. २०१८ मध्ये हौसेची फेरी, म्हणजे जॉयराईड, सुरू झाली. सीताबर्डी ते खापरी या सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटन ७ मार्च २०१९ रोजी झाले आणि सामान्य प्रवासी तिकीट काढून चढले ते दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला. या साऱ्या तारखा खऱ्या आहेत आणि तरीही त्यांपैकी कोणतीही एक उचलून ‘मेट्रो सुरू झाली’ असे लिहिले तर वाचक चुकतो. म्हणून मान्यता, भूमिपूजन, कामाची सुरुवात, चाचणी, सुरक्षा तपासणी, उद्घाटन आणि प्रवासी सेवा असे रकाने आखून घ्यावेत आणि सापडलेली तारीख ज्या रकान्यात बसते तिथेच लिहावी. सुरक्षा तपासणीचा रकाना विसरू नये, कारण मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी पाहणी केल्याखेरीज कोणत्याही टप्प्यावर प्रवासी नेता येत नाहीत आणि कामे खरोखर कधी पुरी झाली याचा अंदाज त्या पाहणीच्या वेळेवरून येतो.

आणखी एक बारकावा आहे. मार्ग सुरू झाला म्हणजे त्यावरची सर्व स्थानके उघडली असे नसते. खापरी मार्गावरची काही स्थानके पहिल्या दिवशी बंदच होती आणि ती पुढच्या काळात एकेक करून उघडली, त्यामुळे गाडी समोरून जायची पण थांबायची नाही असा अनुभव त्या भागातील लोकांनी घेतला आहे. तेव्हा प्रत्येक स्थानकाची तारीख स्वतंत्र शोधावी. ॲक्वा लाईनचा लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा टप्पा २८ जानेवारी २०२० चा. झिरो माईल आणि कस्तुरचंद पार्क ही स्थानके २० ऑगस्ट २०२१ ला जोडली गेली. कस्तुरचंद पार्क ते ऑटोमोटिव्ह चौक आणि झाशी राणी चौक ते प्रजापती नगर हे टप्पे ११ डिसेंबर २०२२ चे. खापरी हे आज ज्या संपूर्ण मार्गाचे टोक आहे, तो मार्ग पुरा व्हायला पहिल्या प्रवासी गाडीनंतर पावणेचार वर्षे लागली, हे अशा मांडणीतूनच दिसते.

आता कागद. मेट्रोच्या बाबतीत सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआर म्हणतात. नागपूरचा अहवाल नागपूर सुधार प्रन्यासाने दिल्ली मेट्रोकडून तयार करून घेतला होता. त्यात उत्तर–दक्षिण मार्ग १९.६५८ किलोमीटर आणि पूर्व–पश्चिम मार्ग १८.५५७ किलोमीटर, म्हणजे एकूण ३८.२१५ किलोमीटर अशी आखणी होती आणि पहिल्या टप्प्याचा खर्च ८,६८० कोटी रुपये धरलेला होता. तो वाचताना लक्ष ठेवायचे ते शेवटच्या स्थानकाच्या नावावर. अहवालात उत्तर–दक्षिण मार्गाचे दक्षिण टोक मिहान आहे, खापरी नव्हे. प्रवासी मात्र खापरीला उतरतो. कागदावरचे टोक आणि फलाटावरचे टोक यांच्यातले हे अंतर म्हणजे तुमच्या लेखाचा गाभा आहे. ते अंतर का पडले हे शोधण्यासाठी अहवालातील प्रवासीसंख्येचे अंदाज, मिहानमधील उद्योगांविषयीच्या अपेक्षा आणि प्रत्यक्षात तिथे काय उभे राहिले, या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. घाईने निष्कर्ष काढू नये. अहवालातला अंदाज चुकला असे लिहिणे सोपे असते, पण तो कोणत्या गृहीतकांवर केला होता हे सांगितल्याशिवाय तसे लिहिणे न्यायाचे नाही.

इतवारीसाठी कागद शोधणे जास्त कष्टाचे आणि, माझ्या मते, जास्त आनंदाचे आहे. इथे युक्ती एकच आहे: मालक कोण कोण झाले याची साखळी आधी मांडावी, कारण कागद मालकाबरोबर प्रवास करतात. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे मुंबईच्या बाजूने नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये. नागपूर–छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत गेला, पुढे तो बंगाल–नागपूर रेल्वेकडे आला आणि ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. याच बंगाल–नागपूर कंपनीने नंतर सातपुड्याच्या आणि वैनगंगेच्या मुलखात अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेज मार्गांचे जाळे विणले, आणि नागपूर–नागभीड मार्ग त्यातलाच, १९०८ चा. १ ऑक्टोबर १९४४ रोजी ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली आणि २००३ पासून हा भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे, जिचे मुख्यालय बिलासपूरला आहे. याचा अर्थ असा की इतवारीच्या फलाटावरच्या कित्येक निर्णयांचे कागद दीर्घकाळ कोलकात्याच्या गार्डन रीचमधून निघत होते. आपण मुंबईच्या मुख्यालयात कितीही खेटे घातले तरी ते तिथे मिळणार नाहीत, कारण मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग ही एकाच शहरातली दोन वेगळी घरे आहेत.

नागपुरातच पाहण्याजोगे पुष्कळ आहे. कडबी चौकाजवळच्या मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे इंजिने बघून परत फिरू नये, तर भिंतीवरचे नकाशे, सिग्नलची यंत्रे आणि तिकिटांचे नमुने यांसाठी निवांत दोन तास राखून ठेवावेत. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे नागपूर कार्यालय, विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय आणि १९११ पासून निघणाऱ्या ‘हितवाद’ या इंग्रजी वृत्तपत्राचे जुने अंक हे यानंतरचे टप्पे. जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, अवश्य पाहावे, पण त्याच्या प्रकाशनाचे वर्ष आधी लिहून घ्यावे. नागपूरचे ब्रिटिशकालीन गॅझेटियर १९०८ चे आहे, म्हणजे ज्या वर्षी नागभीडची गाडी सुरू झाली त्याच वर्षीचे. अशा वेळी ग्रंथातील मजकूर छपाईच्या आधी लिहिला गेलेला असणार, हे लक्षात ठेवून त्यातली क्रियापदे तपासावीत, कारण ‘होत आहे’ आणि ‘झाले’ यांतला फरक इथे एका वर्षाचा ठरू शकतो. अंतरे मैलांत असतील तर ती तशीच उतरवावीत आणि किलोमीटर कंसात द्यावेत. आधीच रूपांतर करून ठेवले की चूक शोधायची वाट बंद होते.

मेट्रोची किंवा रेल्वेची एखादी विशिष्ट माहिती कुठेच मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. ‘मार्गाचा संपूर्ण इतिहास द्यावा’ असे लिहिले तर उत्तर येत नाही किंवा उपयोगाचे येत नाही. ‘अमुक स्थानक प्रवाशांसाठी कोणत्या तारखेस खुले केले त्या आदेशाची प्रत द्यावी’ असे एकाच कागदाविषयी विचारले तर तीस दिवसांत पानभर का होईना, पण नेमके उत्तर मिळण्याची शक्यता असते.

वस्तू वाचायला शिकणे हा या कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. जुने पुठ्ठ्याचे तिकीट हाती आले तर ते भिंगाखाली धरावे. साधारण सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंच रुंद अशा त्या तुकड्यावर कोठून कोठे, वर्ग, भाडे आणि अनुक्रमांक छापलेला असतो, आणि तारीख मात्र छापील नसून यंत्रात दाबून उमटवलेली असते, त्यामुळे ती फिकट किंवा अर्धवट दिसते. तिकीट उजेडात तिरके धरले की दाबाच्या खुणा उठून दिसतात आणि पुष्कळदा वर्ष लागते. रुळाचा तुकडा हे दुसरे पुस्तक. नॅरोगेज उखडल्यानंतर रुळांचे तुकडे कुंपणाचे खांब म्हणून, गोठ्याच्या आढ्याला, विहिरीच्या तोंडाशी लावलेले दिसतात. रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याचे नाव, वजनाचा आकडा आणि साल उठावाच्या अक्षरांत उमटवलेले असते. त्यावर खडू आडवा घासला की गंज काळा राहतो, अक्षरे पांढरी होतात आणि साल वाचता येते. पण रुळावरचे साल हे मार्गाचे साल नव्हे. मुख्य मार्गावर वापरलेले रूळ पुढे दुय्यम मार्गांवर टाकण्याची रीत सर्वत्र होती आणि दुरुस्तीत नवेही बसत गेले. म्हणून त्यावरून एवढेच म्हणता येते की हा रूळ त्या सालाच्या आधी इथे नव्हता. ही सारी पाहणी रुळांपासून दूर राहून, मालकाला विचारून करावी. चालू मार्गावर उतरणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि मेट्रोच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो.

माणसांशी बोलण्याची वेळ कागद वाचून झाल्यावर यावी, आधी नव्हे, कारण काय विचारायचे हे तोवर कळत नाही. इतवारी–नागभीड गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेज रूपांतरासाठी, म्हणजे नॅरोगेजचे ब्रॉडगेज करण्यासाठी, बंद झाली, त्यामुळे तिच्यावर काम केलेले गार्ड, गँगमन आणि तिने रोज येणारे जाणारे लोक आजही उमरेड, कुही, भिवापूर भागात भेटतात. त्यांना थेट साल विचारू नये. भिवापूरकडच्या एका वृद्ध मिरची विक्रेत्यांशी मी बोललो, तेव्हा माझ्या हट्टी प्रश्नाला ते एवढेच म्हणाले, “सन-बिन नाई सांगता येत जी, पन माह्या मोठ्या पोरीचं लगन झालं त्या उन्हाळ्यात डिझेलचं इंजिन पाह्यलं होतं.” मी विचारले, “काकाजी, लग्नपत्रिका असंल का घरी?” देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीतून हळदीचे बोट लागलेली पत्रिका निघाली आणि तिच्यावर तिथीही होती, तारीखही होती. ती इंजिनाची तारीख आहे असे मी कुठेही लिहिले नाही, कारण त्यांनी ते इंजिन त्या वर्षी पहिल्यांदा पाहिले असेल आणि ते आले असेल आधीच. पण वर्तमानपत्राच्या कोणत्या वर्षाच्या फाईली उघडायच्या, हे त्या पत्रिकेने ठरवले. लग्न, दुष्काळ, पूर, निवडणूक, पोळ्याला दगावलेला बैल अशा खुणांवरून लोक काळ मोजतात. आपण त्या खुणा पकडाव्यात आणि साल स्वतः शोधावे. बोली जशी आहे तशी उतरवावी, सुधारून घेऊ नये.

एक सावधगिरीची सूचना इथेच. नॅरोगेजविषयी ‘चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचे’ ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक गावात, प्रत्येक जण स्वतःची म्हणून सांगेल. ती आठवण म्हणून प्रेमाने ऐकावी आणि एकदाच लिहावी. गाडीचा वेग सांगायचा असेल तर मात्र जुने वेळापत्रक शोधून दोन स्थानकांमधले अंतर आणि वेळ यांवरून हिशेब करून द्यावा, त्यात त्या गाडीचा जास्त मान राहतो.

लिहायला बसल्यावर क्रम साल-दर-साल ठेवण्याचा मोह होईल. त्याऐवजी ‘इथेच का थांबली’ हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात मांडावा आणि प्रत्येक प्रकरणात त्याचे एक उत्तर द्यावे. घोषणा झालेले, मंजूर झालेले आणि धावणारे मार्ग यांच्यासाठी तीन वेगळी क्रियापदे ठरवून घ्यावीत आणि ती शेवटपर्यंत पाळावीत. नागपूरच्या आसपासच्या गावांना ब्रॉडगेज मेट्रोने जोडण्याची योजना जाहीर झाली तेव्हा कित्येकांनी ती झालीच असे लिहून टाकले होते. मेट्रोचा दुसरा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ डिसेंबर २०२२ रोजी मंजूर केला. ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानके आणि ६,७०८ कोटी रुपये असा त्याचा आवाका असून त्यात मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत, ऑटोमोटिव्ह चौकापासून कन्हानपर्यंत, लोकमान्य नगरपासून हिंगण्यापर्यंत आणि प्रजापती नगरपासून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत असे चारही टोकांचे विस्तार आहेत. म्हणजे आजची चारही शेवटची स्थानके उद्या मधली होणार आहेत.

म्हणूनच या कामात सर्वांत आधी करायची गोष्ट मी शेवटी सांगतो आहे, कारण तिचे महत्त्व आता पटेल. खापरीला जाऊन फलाटाच्या दक्षिण टोकावरून पुढच्या रुळांचे, स्थानकाच्या पाटीचे, वेळापत्रकाच्या फलकाचे आणि बाहेर उभ्या राहणाऱ्या ऑटोंच्या रांगेचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक छायाचित्राच्या मागे तारीख, वेळ आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो ते पेन्सिलीने लिहावे आणि त्याची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात पावती घेऊन जमा करावी.